दुकानाकडे तोंड केलेला बाक

लोरेटा ते बोलली तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. गुडघे जमिनीवर, दोन्ही हात मखमलीच्या खाली आणि ओठांत टाचण्यांची रांग. शिवणाऱ्या बाईला काही सुनवायचं असेल आणि उत्तर नको असेल तर नेमकी हीच वेळ गाठावी. "नॅटी," ती म्हणाली, "विरोधाच्या कागदांत तुझंही नाव दिसलं मला. मी रागावलेली नाहीये हं. हक्कच आहे तो प्रत्येकाचा. फक्त आधी तुझ्या तोंडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच." मग खुंटीवरचं आपलं जाकीट तिने उचललं, दाराची घंटा वाजली, आणि मी एकेक टाचणी काढून उशीत खोचेपर्यंत ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा. मी तशीच गुडघ्यांवर बसून राहिले. समोर यंदाच्या उत्सवात राणी होणाऱ्या मुलीची केप पसरली होती, जांभळी, तिच्यावर सोनेरी मण्यांचं कबूतर अर्धवट उतरलेलं. विरोध? कसला विरोध? मी भांडखोर नाही असं मुळीच नाही. पाद्र्याशी भांडले आहे, डेअरीच्या मालकाशी भांडले आहे, कापडवाल्याशी तर अजून चालू आहे. पण या रस्त्याशी माझं भांडण असणं शक्यच नव्हतं. या रस्त्याविरुद्ध माझं नाव कुठे लिहिलेलं असेल तर ते दुसऱ्या कुणाचं तरी असणार, असं मी एक क्षण मनाला समजावलं. पण या गावात नातेर्सिया बोर्बा एकच आहे, आणि तिला नॅटी म्हणणारी माणसं सगळी याच रस्त्यावरची आहेत.

लोरेटा स्वॅनसन आमच्या रस्त्याची पट्टी सांभाळते. कागदावर तिचं नाव लांबलचक आहे, व्यापार सुधारणा क्षेत्राची वार्षिक आकारणी की असंच काहीतरी. आम्ही नुसतं पट्टी म्हणतो. मेन स्ट्रीटवर आणि तिच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत ज्याचं दुकान, त्याने ती दर वर्षी आपापल्या धंद्याच्या मानाने भरायची. त्यातून मग झाडांवर दिवे लागतात, खांबांवर फुलांच्या टोपल्या चढतात, केशरी बंड्या घातलेली माणसं सकाळी पदपथ धुतात, नाताळात मिरवणूक निघते, बसायला बाक येतात. दर वसंतात नगर परिषदेपुढे सुनावणी होते आणि पट्टी आणखी एका वर्षासाठी पुढे चालू राहते. या सुनावणीचा नियम मला पहिल्यापासून चमत्कारिक वाटत आला आहे. तिथे मोजतात तो फक्त विरोध. एकूण पट्टीतला निम्मा वाटा ज्यांच्या खिशातून येतो, तेवढ्यांनी लिहून 'नको' म्हटलं तर पट्टी बंद. बाकीचे गप्प, आणि गप्प म्हणजे हो. तोंडाने हो म्हणायला, कुणाचे आभार मानायला तिथे जागाच ठेवलेली नाही. त्या सुनावणीला लोरेटा दर वर्षी तेच निळं जाकीट घालते, आणि दर वर्षी ते थोडं सैल करायला माझ्याकडे आणते. "पट्टीही वाढते आणि मीही," असं म्हणून खो खो हसते. शिवणीत सोडायला आता कापड उरलेलं नाही, पुढच्या वर्षी नवीन घे, हे मी यंदा तिला सांगणार होते. ते राहिलं. आज ती हसली नव्हती हेही ती गेल्यावरच माझ्या लक्षात आलं.

मग शनिवार आठवला. शनिवारी दुआर्ते आला होता. दुआर्ते सिल्वैरा, मागच्या गल्लीतला टायरवाला, माझ्या मुलीचा धर्मपिता. तिच्या बाप्तिस्म्यापासून तो माझा कोंपाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. त्या सकाळी चर्चच्या पायऱ्या आम्ही अरे-तुरे करत चढलो आणि उतरलो ते अहो-जाहो करत. आम्ही ज्या बेटांवरून इथे आलो तिथली रीत ती, अर्धं आयुष्य कॅलिफोर्नियात काढलं तरी सुटली नाही. तर दुआर्तेच्या हातात कागद होता आणि कानावर पेन. आता, पवित्र आत्म्याच्या उत्सवाआधी आमच्या बेटवाल्यांच्या हॉलची माणसं अशीच कागद घेऊन दारोदार फिरतात. कुणी गाय देतं, कुणी पाव, कुणी परड्यातला पुदिना, कुणी नुसते आपले दोन हात. मग उत्सवाच्या रविवारी जो दारात येईल त्याला, ओळखीचा असो की महामार्गावरून वाट चुकलेला, रश्श्यात भिजलेला गरम पाव आणि मांस वाढतात, आणि तू काय दिलंस असं कुणी कुणाला विचारत नाही. तो कागद वाचून सही करणं म्हणजे देवाशी घासाघीस करण्यासारखं. माझ्या आईने कधी वाचला नाही, मी कधी वाचला नाही. दुआर्ते म्हणाला, "कोमाद्रे, इथे सही," आणि एका हाताने मखमल दाबून धरून दुसऱ्याने मी सही ठोकून दिली. जाताना तो म्हणालाही होता, "या वर्षी तरी ऐकतील." मी मनात म्हटलं होतं, देव ऐकतोच.

खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर बाक होता. मेन स्ट्रीटवरचे झाडून सगळे बाक रस्त्याकडे बघतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजत बसल्यासारखे. एकट्या माझ्या दुकानासमोरचा बाक रस्त्याला पाठ करून दुकानाकडे बघतो. नवखी माणसं त्यावर टेकतात आणि ओशाळून उठतात, कारण समोर काचेत मी असते. तो बाक एर्मीनियोचा. एर्मीनियो माझा नवरा. जन्मभर दुसऱ्यांच्या गाई पिळल्या त्याने, आणि विसरायला लागला तेव्हा आधी गाईंचीच नावं विसरला. ती शेवटपर्यंत टिकतील अशी माझी खात्री होती. घरी एकटा ठेवायची सोय राहिली नाही. एकदा शेगडी पेटती सोडून गेला तो कुणाच्या तरी लसूणघासाच्या शेतात उभा सापडला. मुलगी दूर, तिच्या संसारात. दुकान बंद करावं तर खायचं काय. दुकानात बसवावं तर माझं मशीन सुरू झालं की त्याला ते दूध काढायचं यंत्र वाटे, तो उठून गाई शोधायला लागे, कपड्यांच्या खुंट्यांखालून वाकून वाकून बघे. म्हणून बाहेर, बाकावर. पण तेव्हा तो बाकही इतरांसारखा रस्त्याकडेच बघायचा. मला त्याची पाठ दिसायची आणि हॅट दिसायची. कुठलीही जुनी पिकअप गेली की तो उठून तिच्या मागे चालू लागे. टाका घातला की मान वर, टाका घातला की मान वर, हॅट आहे ना, हॅट आहे ना. त्या दिवसांतले माझे टाके अजून कुठे दिसले तर मी ओळखीन, वाकडे आहेत.

आणि मग एका सोमवारी दुकान उघडायला आले तर बाक फिरलेला. बोल्ट जागच्या जागी, पायांखालची माती झाडून काढलेली, आणि बाकाचं तोंड सरळ माझ्या मशीनकडे. मी लोरेटाजवळ मागे कधीतरी बोलले होते की मला नुसती त्याची पाठ दिसते आणि जीव टांगणीला लागतो. एका वाक्यात बोलले होते, तेही तिच्या स्कर्टची दुमड घालताना. तेवढ्यावर त्या बाईने बाक फिरवून दिला, न सांगता, न विचारता. मी गोड पाव भाजून तिच्या कचेरीत नेऊन दिला. "अगं, हे कशाला," ती म्हणाली आणि लाल झाली. मला वाटलं, चांगली माणसं अशीच असतात, उपकार करून वर लाजतात. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. तीन वर्षं मग असं चाललं. मी आत, तो बाहेर, मध्ये काच. मी मान वर केली की तो हॅट उचलायचा, किंचित वाकून, अनोळखी बाईला उचलतात तशी. त्याच्या बेटावर बाई नसली आणि तिचं नुसतं गाढव दिसलं तरी पुरुष हॅट उचलतात, म्हणून मी त्यात विशेष काही मानलं नाही. शेवटच्या वर्षी मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. झाडूवाल्याला विचारायचा, "ती बाई फार काम करते हो. तिला नवरा नाही का?" झाडूवाला मला येऊन हसत सांगायचा. नंतर नंतर सांगायचा बंद झाला. मी मशीन जोरात चालवायचे.

कधी उठून गेलाच तर रस्ता त्याला परत आणून द्यायचा. बेकरीवाली दारातच थांबवून त्याच्या हातात काहीतरी खायला ठेवायची. झाडूवाला झाडू भिंतीला लावून त्याच्या बाजूने चालायला लागायचा, हात न धरता, हवापाण्याच्या गप्पा मारत, आणि चालता चालता दोघं आपोआप वळून बाकाशी यायचे. फुलांना पाणी घालणारी पोरगी शिडीवरून हाक मारून सांगायची, "नॅटी, तुझे साहेब पोस्टापाशी आहेत, ठीक आहेत." मी कुणाला बोलावलं नव्हतं, कुणाला विनंती केली नव्हती. या रस्त्याने माझा नवरा सांभाळला. आमच्या लोकांत नवस फेडतात, ऋण आहे म्हणून वाजतगाजत जगाला सांगतात. आणि मी या रस्त्याला काय दिलं? वर्षातून एकदा पट्टी, आणि शनिवारी न वाचता केलेली सही. तो जाऊन दोन हिवाळे झाले. बाक रिकामा असतो, मी अजून टाका घातला की मान वर करते. बाक पट्टीचा आहे, गावाचा नाही. पट्टी बंद झाली तर सगळे बाक उचलून गोदामात जातील, हे लोरेटाने याच खिडकीशी उभं राहून मला सांगितलं होतं, आणि मी म्हटलं होतं, छे, असं कसं होईल.

दारावरची पाटी उलटी केली आणि मागच्या गल्लीत गेले. दुआर्ते एका पिकअपच्या चाकाशी उकिडवा बसला होता.

"कोंपाद्रे, शनिवारी कशावर सही घेतलीत माझी?"

"पट्टीवर."

"कुठल्या बाजूने?"

"त्याला बाजू एकच असते. विरोधच मोजतात." त्याने वर बघितलं. "वाचलं नाहीत तुम्ही?"

"तुमच्या हातातला कागद वाचायचा? मला वाटलं उत्सवाचा."

"उत्सवाचा कागद घेऊन मी असल्या कळकट कपड्यांत येईन?"

"तुम्ही माझ्या लग्नालाही असल्याच कपड्यांत आला होतात."

"माझ्या स्वतःच्या लग्नाला नव्हतो आलो असल्या कपड्यांत," तो म्हणाला. मग फडक्याला हात पुसत उठला. "इकडे या. बघा ही गल्ली. एक फूल दिसतंय? एक दिवा? मिरवणुकीला रस्ता बंद करतात, माझं गिऱ्हाईक माघारी जातं. यांच्या नकाशाची रेघ बरोबर माझ्या दारापर्यंत येते आणि यांचा झाडूवाला त्या कोपऱ्यावरून परत फिरतो. मी दर वर्षी बोलतो. दर वर्षी म्हणतात, नोंद घेतली."

त्याचं खरं होतं. तीच तर अडचण. चुकीच्या माणसाशी भांडायला मला वेळ लागत नाही. पण बरोबर असलेल्या माणसासमोर, त्यातून ज्याने माझ्या नवऱ्याची शवपेटी पुढच्या बाजूने खांद्यावर घेतली त्याच्यासमोर, मी काय तोंड उघडणार? एर्मीनियोला दर रविवारी हॉलमध्ये पत्ते खेळायला न्यायचा हा. त्याला पानं कळेनाशी झाली तेव्हा हा दोघांचे डाव एकटाच खेळायचा आणि त्याच्या बाजूने बेइमानी करून त्यालाच जिंकवायचा. एर्मीनियो घरी येऊन सांगायचा, "आज एका गाढवाला हरवलं." नाव विसरायचा, गाढव लक्षात राहायचं. इथे टायरच्या दुकानातही दुआर्ते त्याला बसवून घ्यायचा, चाकांच्या नटांचा डबा पुढ्यात उपडा करून द्यायचा, हे मोठे इकडे, हे लहान तिकडे. संध्याकाळी पुन्हा सगळे एकत्र करून ठेवायचा, उद्यासाठी.

"फर्निचरवाला आणि मोटारींचा शोरूमवाला आमच्याकडून आहेत," दुआर्ते म्हणाला. "वजनदार माणसं. अगदी काठावर आलंय. तुमच्यासारख्या दोघाचौघांवर आहे आता."

"आणि बाक?"

"कुठला बाक?"

"या गावात माझा एकच बाक आहे, कोंपाद्रे."

त्याने पाना उचलला, परत ठेवला. चाकाकडे बघत राहिला. "बाक जाईल, हो," म्हणाला. "हे मी धरलं नव्हतं." मग पुन्हा पाना उचलत, "सही मागे घ्यायची तर तिथे उभं राहून सांगावं लागतं. सुनावणी संपायच्या आत. घ्या तुम्ही. मी काही म्हणणार नाही."

"म्हणाल."

"म्हणेन. पण तुम्ही ऐकू नका."

दुकानात परत येऊन मी कबुतराचा पंख भरायला घेतला आणि भरलेले मणी उसवले. नाव राहू द्यावं तर बाकावर थुंकल्यासारखं. मागे घ्यावं तर सगळ्या गावासमोर दुआर्तेला खोटं पाडल्यासारखं. तिसरी वाट म्हणजे घरी बसणं, आणि गप्प बसलेल्या माणसाचंही तिथे काहीतरी धरलंच जातं. माझ्या आयुष्यात ज्यांचे उपकार आहेत ती माणसं फार नाहीत, त्यांना एकमेकांसमोर उभं करून मला मध्ये बोलवायचं देवाचं काय नडलं होतं? मी चांगला फ्रॉक घातला. उत्सवाचा.

परिषदेच्या दालनात गालिच्याचा आणि थंड हवेचा वास होता. बाहेर अजून ऊन होतं. लोरेटा पुढच्या रांगेत, निळ्या जाकिटात. माझी नजर आपोआप तिच्या पाठीच्या शिवणीवर गेली, शिवण ताणलेली होती. दुआर्ते सगळ्यांत मागे. महापौर आमचे दातांचे डॉक्टर आहेत, त्यामुळे त्यांच्यासमोर तोंड उघडायला सगळ्यांनाच जरा जड जातं. फर्निचरवाला बोलला, छान बोलला. मग माझं नाव पुकारलं. माझं इंग्रजी दुकानापुरतं आहे: लांबी किती, घेर किती, कधी हवं. त्यातच जमवायचं होतं.

"माझं नाव चुकीच्या ढिगात पडलंय," मी म्हणाले. "मला आभार मानायचेत."

चिटणीस बाई समोरून गोड आवाजात म्हणाली, "समर्थन आम्ही मोजत नाही, मॅडम. विरोध मागे घेताय का, तेवढंच सांगा."

"सांगते. आधी आभार." आणि मी सांगितलं. गाई, मशीनचा आवाज, हॅट, झाडूवाला. मोडक्यातोडक्या भाषेत, पण कुणी खोकलं नाही. "आणि लोरेटाने माझ्यासाठी बाक फिरवला," मी म्हणाले, "मी न मागता. तो बाक—"

"नॅटी," लोरेटा उठून उभी राहिली. "बाक मी नाही फिरवला."

मी पूर्ण तिच्याकडे वळले.

"आमचे सगळे बाक रस्त्याकडे. तसा नियमच आहे. एका सोमवारी तो फिरलेला दिसला. बोल्ट नीट परत बसवलेले, आमच्या माणसांपेक्षाही घट्ट. मला वाटलं तूच कुणाकडून करून घेतलंस." ती महापौरांकडे वळली आणि तिचा चेहरा लाल झाला. "दर वर्षी मी अहवालात लिहिते, सर्व बाक जागेवर आहेत. आहेतच की जागेवर. तोंडाबद्दल कुणी विचारलं नाही."

कुणीतरी हसलं. मी विचारलं, "मग तो पाव?"

"मला वाटलं, मी गप्प बसले म्हणून दिलास."

आता सगळेच हसले. मी मागे वळून बघितलं. दुआर्ते मांडीवर टोपी घेऊन तिच्या आतलं अस्तर वाचत होता. बोल्ट त्यांच्या माणसांपेक्षा घट्ट. या गावात असे बोल्ट आवळणारा दुसरा आहे कोण? आभार मी इतकी वर्षं चुकीच्या दारात पोचवले होते असं नाही, एकाच उपकाराची दोन दारं होती. एकाने नियम मोडून दिला, दुसरीने मोडलेला तसाच राहू दिला, आणि दोघांनीही मला कळू दिलं नाही. मला एकाच वेळी रडावंसं आणि दोघांना चांगलं झापावंसं वाटलं.

"मॅडम," चिटणीस बाई म्हणाली, "विरोध कायम की मागे?"

"मागे," मी म्हणाले. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "पण मागच्या गल्लीत झाडूवाला गेला पाहिजे. फुलं पण. त्या माणसाचं खरं आहे. हेही लिहा."

"ते मोजलं जात नाही—"

"मोजू नका. लिहा."

"लिहा," महापौर म्हणाले.

मागून दुआर्तेचा आवाज आला, आमच्या भाषेत, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असा. "पुढच्या वर्षी वाचून सही करा, कोमाद्रे!"

विरोध निम्म्याला पोचला नाही. थोडक्यात राहिला. पट्टी आणखी एका वर्षासाठी चालू झाली, त्याला एक हातोडी आपटायला लागते तेवढाच वेळ लागला. लोरेटाने मला मिठी मारली, आणि तिच्या पाठीची शिवण उसवल्याचा आवाज फक्त आम्हा दोघींना आला. "उद्या आण," मी तिच्या कानात म्हणाले. दुआर्तेने आपला विरोध मागे घेतला नव्हता. मला ते आवडलं. त्याने घेतला असता तर मी त्याला माफ केलं नसतं.

आम्ही दोघं चालत परत निघालो. संध्याकाळ उतरली होती, झाडांवरचे दिवे लागले होते आणि दुआर्ते त्यांच्याकडे मुद्दाम बघत नव्हता.

"कधी केलंत?" मी विचारलं.

"रविवारी. सगळे चर्चमध्ये असताना."

"मला सांगायचं तरी. मी त्या बाईला पाव नेऊन दिला."

"कळलं होतं मला. फार जिवाला लागलं. चांगला झाला होता म्हणे."

"उद्या तुम्हाला करते. दोन करते." आणि मग मला राहवेना. "देव तुमचं भलं करो, कोंपाद्रे. मला त्याच्यावर डोळा ठेवता आला, तुमच्यामुळे. तो असा समोर नसता तर मी वेडी झाले असते. मी तुम्हाला कधी..."

तो थांबला. टोपी काढली, परत घातली. "कोमाद्रे, आता खरं ते सांगतो. मी तो तुमच्यासाठी नव्हता फिरवला."

"मग?"

"त्याने सांगितलं. दुकानात बसला होता, नट निवडत. एकदम म्हणाला, दुआर्ते, तो बाक फिरवून दे. त्या दिवशी माझं नाव आठवलं होतं त्याला. म्हटलं, का रे? तर म्हणाला, रस्त्याकडे बघत बसलं की ती जाते. मी विचारलं, कोण जाते? म्हणाला, ती. शिवते ती. तिच्याकडे बघत राहिलो की राहते."

आम्ही दुकानाशी पोचलो होतो. मी बाकावर बसले. इतक्या वर्षांत मी त्या बाकावर कधी बसले नव्हते. आतल्या माणसाला बाहेर बसायचं कारण पडत नाही. लाकूड उन्हाने अजून कोमट होतं. दुआर्तेने माझ्या हातातून किल्ल्या घेतल्या, दार उघडून आत गेला, मशीनवरचा दिवा लावला आणि बाहेर येऊन बाजूला उभा राहिला. काचेतून सगळं दिसत होतं. खुर्ची, खुर्चीवरची माझी चपटी झालेली उशी, टाचण्या, खडूचा तुकडा, जांभळी मखमल आणि तिच्यावर अर्ध्या वाटेत थांबलेलं कबूतर. बसणाऱ्या बाईचे हातसुद्धा इथून दिसले असते. मान खाली असेल तर केसांतला भांग दिसला असता.

"दिवा राहू द्या जरा," दुआर्ते म्हणाला.

"राहू द्या," मी म्हणाले.

मी मशीनवरून मान वर करायचे तेव्हा त्याची हॅट आधीच उचललेली असायची. दर वेळी. मी वर बघणार आहे हे त्याला आधी कसं कळतं, असं मला कधी वाटलंच नाही.